मुळे सरांचा लाल लाईट

"पुन्हा बंद पडली!" मुळे सर दुकानाच्या दारातूनच ओरडले. कोपर खरचटलेलं, ट्रॅकपँटवर मुरमाचा पट्टा, गळ्यात नेहमीची शिट्टी. मागून त्यांची मुलगी मेघना सायकल ढकलत आत आणत होती. तिचा चेहरा बघितला आणि मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आज काही खरं नव्हतं.

मी शबाना. पूर्वी वाळूजला एका कारखान्यात दुचाकींचं वायरिंग तपासायचे. आता पडेगावला संतोषभाऊंच्या दुकानात इलेक्ट्रिक सायकलींचं सर्व्हिसिंग बघते. त्यातही डोंगरात चालवायच्या. जाड टायर, पुढं शॉकअप, फ्रेमच्या पोटात बॅटरी. लोकांना वाटतं ही म्हणजे स्कूटरच. तसं नाही. पायडल मारलं तरच मोटर साथ देते. त्याला आम्ही असिस्ट म्हणतो. त्याच्या पाच लेव्हल असतात. एकवर कुणी पाठीला हात लावल्यासारखं वाटतं, पाचवर गाडी सरळ ढकलते. आणि पायडल थांबवलं तरी मोटर लगेच थांबत नाही, क्षणभर ढकलतच राहते. हा क्षण लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मुळे सर म्हणजे शाळेतले पी.टी.चे सर, आता रिटायर. अर्ध्या गावाला त्यांनी मैदानाभोवती पळवलंय. आमचे संतोषभाऊ त्यांचेच विद्यार्थी. स्वतः दुकानाचे मालक, पोट सुटलंय, मिशी पिकलीय. पण सर आत आले की अजून खुर्चीतून उठतात आणि दोन्ही हात मागं बांधून उभे राहतात. मला लई हसू येतं.

शरणापूरच्या पुढं डोंगरात एक वाट आहे. ती सायकलसाठी सरांनीच शोधली, ग्रुपही त्यांनीच जमवला. दर रविवारी दहा-बारा जण, पुढं सर. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि साध्या सायकलवर तो चढ जमेना. तेव्हा मेघनानं त्यांना ही गाडी घेऊन दिली. ती डॉक्टर आहे. सर परत डोंगरात गेले, परत सगळ्यांच्या पुढं. आणि थोड्याच दिवसांत पडायला लागले. दर वेळी एकाच जागी. चढावर एक उजवं वळण आहे, डाव्या हाताला घळ. तिथं मोटर बंद व्हायची. चढावर मोटर अचानक गेली की गाडी जागच्या जागी थांबते आणि माणूस आडवा होतो.

"शबानाताई, सरळ सांगते," मेघना म्हणाली. "हे तिसऱ्यांदा. पुढच्या वेळी पाय मोडला तर मी कुणाला विचारू? या रविवारपर्यंत फॉल्ट सापडला तर ठीक. नाही तर गाडी परत घ्या. बाबा कॉलनीतल्या बागेत चालतील."

"बागेत?" सर म्हणाले. एवढंच. पण तो शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू त्यांना दवाखान्यात भरती करायला सांगितलंय.

आता माझी पंचाईत ऐका. पहिल्या वेळी मी बॅटरीचे पॉइंट साफ केले होते. आमच्याकडच्या धुळीनं ते खराब होतात. दुसऱ्या वेळी कंट्रोलर बदलला. कंट्रोलर म्हणजे गाडीचा मेंदू, बॅटरीतला करंट मोटरला किती द्यायचा ते ठरवणारा डबा. पायडलचा सेन्सरही बदलला. ब्रेकचे स्विच तपासले, चोख होते. स्वतः त्या वळणावर जाऊन गाडी चढवून आले. मला काही झालं नाही, मक्खन चालली.

कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला, तर म्हणतो, "मॅडम, एन.एफ.एफ. लिहा आणि क्लोज करा." एन.एफ.एफ. म्हणजे नो फॉल्ट फाउंड. दोष सापडला नाही. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात आळशी शब्द. माणूस तीनदा आपटलाय आणि हा म्हणतो दोष नाही! माझं डोकंच फिरलं.

"फॉल्ट सापडला नाही म्हणजे नाही असं नसतं," मी म्हणाले. "तुम्हाला सापडला नाही, एवढंच."

"मग तुम्हाला सापडला का?"

मी फोन ठेवला.

घरी छावणीत आल्यावरही तेच डोक्यात. अम्मी म्हणाली, "कायकू मुंह लटकाके बैठी? गाडीच है ना, आदमी थोडी है." मी म्हटलं, "अम्मी, आदमीच्च का सवाल है." ते मी उगाच बोलून गेले. पण भात वाढता वाढता हात थांबला. गाडी मी तपासली होती, कंपनीनं तपासली होती. त्या वळणावर सर कसे चालवतात ते कुणीच बघितलं नव्हतं. सरांच्या पुढं जायची कुणाची हिंमत नाही आणि मोटरमुळं ते असे पुढं निघून जातात की साध्या सायकलवाले पार मागं राहतात.

रविवारी मी दुकानाची डेमो गाडी घेतली आणि सरांच्या मागं निघाले. मेघना कार घेऊन डोंगराच्या पायथ्याशी आली. तिथून पुढं कार जात नाही आणि ते वळणही दिसत नाही. रस्त्याच्या कडेला सीताफळवाल्या बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. एकीनं सरांना हाक मारली, "सर, आज पडायचं नाय बरं का!" म्हणजे बातमी तिथपर्यंत पोचली होती. सरांनी हात केला, पण हसले नाहीत.

चढ सुरू झाला. मी फोन हँडलला अडकवून व्हिडिओ सुरू केला. सर छान चालवत होते. पाठ ताठ, पायडल एका लयीत. वळण जवळ आलं आणि त्यांच्या सीटखालचा लाल लाईट लागला.

मी बघतच राहिले. चढावर? ब्रेक?

पुढच्याच क्षणी मोटरचा आवाज गेला. सर डगमगले, या खेपेला कसाबसा पाय टेकवला आणि शिवी दिली. पी.टी.च्या सरांना शोभेल अशीच दिली.

या गाड्यांच्या ब्रेकच्या दांडीत एक बारका स्विच असतो. त्याचं नाव कट-ऑफ. ब्रेकला बोट लागलं आणि दांडी जराशी हलली की मोटर बंद. कारण साधं आहे, आपण थांबायला बघतोय आणि मोटर ढकलतेय असं व्हायला नको. ब्रेक प्रत्यक्ष लागायच्या आधीच हा स्विच काम करतो. त्यामुळं चालवणाऱ्याला ब्रेक लागल्याचं कळतही नाही. मागचा लाल लाईट त्याच स्विचवर. माझं बोट त्या वळणावर ब्रेकवर गेलंच नव्हतं, म्हणून मला काही झालं नाही. गाडीत दोष नव्हताच. कंपनीचा तो आळशी माणूस बरोबर निघाला, याचा मला फार राग आला.

सर पाणी पीत होते. मी जरा बाजूला जाऊन संतोषभाऊंना फोन लावला.

"अरे वा, सापडलं की!" ते म्हणाले. "मग कट-ऑफची पिन काढून टाका, ताई. दोन मिनिटांचं काम. मोटर बंदच पडणार नाही. सरांना सांगा कनेक्शन लूज होतं."

"आणि उद्या खरोखर ब्रेक लावला तर? मोटर ढकलत राहील. डावीकडं घळ आहे, भाऊ."

"मग काय सांगणार? तुमचं बोट चुकतंय म्हणून? सरांना?" त्यांच्या आवाजावरून कळलं, तिकडं ते खुर्चीतून उठून उभे राहिले असणार.

सांगायचं मलाच होतं. मी व्हिडिओ सरांच्या पुढं धरला.

"हे लाल काय लागलं?" त्यांनी विचारलं.

"ब्रेक, सर."

"मी ब्रेक लावलाच नाही."

"बोट ठेवलं होतं. तेवढ्यानं मोटर जाते."

"चढावर कोण ब्रेकवर बोट ठेवतं?"

त्यांनी व्हिडिओ पुन्हा बघितला. मग परत. मग माझ्यावर भडकले. "म्हणजे मी घाबरतो, असं म्हणायचंय तुला? अगं, अख्ख्या शाळेला मी—"

"सर, मी फक्त बोट म्हणाले."

ते दगडावर बसले. बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मागून येणारे ग्रुपवाले अजून खालच्याच वळणावर होते, त्यांचे आवाज येत होते.

"ओढते गं ही गाडी मला," सर शेवटी म्हणाले. "या वळणावर. घेतली त्याच आठवड्यात मला पार कडेला नेलं होतं. मी पायडल थांबवलं, तरी ही चाललीच. खाली घळ दिसली. मला दरदरून घाम फुटला. तेव्हापासून बोट आपोआप जातं. कळतसुद्धा नाही मला."

"मेघनाला का नाही सांगितलं?"

"तिनं लगेच बागेत पाठवलं असतं. आणि या पोरांना काय सांगू? यांना आयुष्यभर मीच ओरडलोय, घाबरायचं नाही म्हणून." मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "तू सांग ना तिला, कंट्रोलर परत बदलला म्हणून."

या अल्ला! एकीकडं मालक म्हणतो पिन काढ, दुसरीकडं सर म्हणतात खोटं बोल. आणि मला सरांची दया येत होती. माझे अब्बा असेच होते. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी स्कूटर काढायचे आणि खड्ड्याला शिव्या द्यायचे. पण खोटं बोलले तर सर पुढच्या रविवारी याच वळणावर पुन्हा पडले असते. तेव्हा पाय टेकवायला जमलं असतंच असं नाही.

"सर, ते नंतर बघू. आधी परत चढायचं," मी म्हणाले. "तुम्ही पाच लेव्हलवर येता. म्हणून ओढते. वळणाच्या आधीच एकवर या. वळणात पायडल हळू. दोन्ही हातांची सगळी बोटं मुठीवर. आणि ती शिट्टी मला द्या."

"शिट्टी कशाला?"

"लाल लाईट लागला की वाजवणार."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, आता मला मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. पण शिट्टी काढून दिली. मी ती ओढणीनं पुसली, तशातही ते हसले.

पहिल्यांदा मी शिट्टी वाजवली आणि सर जागेवर थांबले. दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा बोट सुटलं, पण वळण हुकलं. ग्रुपवाले येऊन पोचले होते. सरांना कुणीतरी शिट्टी मारतंय हे बघून ते सायकली टेकवून उभेच राहिले. मग एकदा लाईट लागला, शिट्टी वाजायच्या आतच विझला, आणि सर वळणावरून वर. मोटर चालू. ग्रुपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सर वरून ओरडले, "टाळ्या कसल्या वाजवताय? चला वर!"

पायथ्याशी उतरलो. मेघना कारला टेकून उभी होती. तिनं आधी त्यांची कोपरं बघितली, मग गुडघा, मग मला विचारलं, "सापडला फॉल्ट?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, देव जाणे.

"सापडला," सर म्हणाले. "मी घाबरतो. वरच्या वळणावर. घाबरलो की बोट ब्रेकवर जातं आणि मोटर बंद पडते. मागं लाल लाईट लागतो, सगळ्यांना दिसतो."

मेघनाचे डोळे भरून आले होते. बापाच्या तोंडून हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला असावा.

"मग आता, बाबा?"

सरांनी माझ्याकडून शिट्टी घेतली आणि तिच्या गळ्यात घातली. "आता तू मागं राहायचं. लाल लागला की वाजवायची. जोरात, लाजायचं नाही."

गाडी परत आली नाही. मेघना रविवारी आमची डेमो गाडी घेऊन जाते. सुरुवातीला शिट्टी बरीच वाजायची म्हणे. हल्ली कमी झालीय. संतोषभाऊ म्हणाले, त्यांनाही एकदा मागं जायचंय, शिट्टी घेऊन. मी म्हटलं, आधी सरांसमोर खुर्चीत बसून दाखवा.

कंपनीला मी रिपोर्ट पाठवला. फॉल्ट सापडला, गाडीत नव्हता. त्यांचं उत्तर आलं की याला सिस्टीममध्ये कोड नाही, एन.एफ.एफ. टाकू का? टाका म्हटलं.

चढावर मोटर बंद पडते, अशी तक्रार आली की मी आता गाडी एकटी चालवून बघत नाही. गिऱ्हाइकालाच बसवते आणि मागून जाते. एक शिट्टी विकत आणून माझ्या टूलबॉक्समध्ये ठेवलीय.