वर एक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, शाळेतल्या बाईंना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि मला तोंडावर बोलता येत नाही. लिहिता येतं, तेही अडखळत.

बोलता येत नाही, हे अगदी खरं. पनवेलच्या इंग्रजी शाळेत हजेरीला माझं नाव दोनदा पुकारावं लागायचं, कारण पहिल्यांदाचं 'प्रेझेंट' माझं मलाच ऐकू यायचं. मग अशी मुलगी शिकवायला कशी लागली? तर, मी नाहीच लागले. माझे हात लागले.

कॉलेज संपलं होतं, नोकरीचं काही ठरत नव्हतं, म्हणून मी आत्याकडे राहायला आले. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, सुलभा. काशीद आणि मुरुडच्या मधे रस्त्यालगत तिचं घर, मागे नारळ-सुपारीची लहानशी वाडी. काका गेल्यापासून ती एकटीच आहे. ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नारळ विकते आणि गाडी कुठली, माणसं कुठली, भांडून आलीत की हसत, हे सगळं गाडीच्या काचेतून ओळखते.

गावच्या शाळेतल्या बाई तिच्याकडे नारळ घ्यायला यायच्या. एकदा त्यांनी मला फोनवर इंग्रजीत बोलताना ऐकलं आणि तिथेच पकडलं. म्हणाल्या, "दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी छोटे व्हिडिओ कर ना गं. थोडं गणित, थोडं इंग्रजी. घरी आईबापाच्या फोनवर बघतील."

मी म्हटलं, माझा चेहरा दिसणार नाही.

"नको दिसू दे. बेरीज दिसली की झालं."

तेव्हा असं ठरलं. दोन डब्यांवर फळी आडवी टाकायची, फळीला फोन पालथा बांधायचा, खाली पांढरा कागद, कागदावर माझे हात आणि आत्याच्या वाडीतल्या सुपाऱ्या. आठ सुपाऱ्या इकडे, सात तिकडे. मिळून किती? आणि मग थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं असतं. मुलांना मोजायला वेळ द्यावा लागतो. मला ते छान जमायचं — गप्प बसणं हा माझा एकमेव पक्का विषय.

पहिल्याच व्हिडिओत, मी अशी गप्प असताना, स्वयंपाकघरातून आवाज आला.

"सोळा!"

आत्या नारळ खवत होती. तिला वाटलं, मी तिलाच विचारतेय. आणि सोळा का? तर तिच्याकडे मोजणं म्हणजे देणं. डझन नारळ मागितले की डझन मोजायचे आणि वर एक घालायचा. मिरच्या, भाकऱ्या, शेजारणीला दिलेले मोदक, सगळ्यावर एक. नुसतं मोजून देणं तिला कंजूषपणा वाटतो. आठ आणि सात पंधरा, हे तिला कळलं होतंच. सोळावी सुपारी तिने सवयीने घातली होती.

मी ते कापणार होते. पण मला तेव्हा नीट कापता येत नव्हतं, आणि व्हिडिओ तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या ग्रुपवर मुलांच्या आवाजातले मेसेज. "आत्या चुकली! पंधरा होतात, पंधरा!" मागे कुणाची तरी आई हसतेय, कोंबडा आरवतोय. बाई म्हणाल्या, वर्गात तोंड न उघडणारी मुलं फोनकडे बघून ओरडत होती. "आत्यांना राहू दे हं. काय नाटक करतात, मुद्दाम चुकतात अगदी खरं वाटेल असं."

मुद्दाम चुकत नाहीत — हे मी तेव्हा सांगायला हवं होतं ना? मी हसण्याचा एक स्मायली पाठवला.

पुढचे दिवस फार मजेचे होते. खोटं कशाला बोलू? मी व्हिडिओत विचारायचे, "हाऊ ओल्ड आर यू?" आणि आतून यायचं, "ते विचारू नको." मी म्हणायचे, "व्हॉट इज धिस?" आणि हातात चमचा धरायचे. आतून — "माझा चमचा हाय तो, जागेवर ठेव." मुलं तिला 'वर एक आत्या' म्हणायला लागली. मुरुडच्या बाजारात एका मुलीने तिचा आवाज ओळखला आणि आईच्या मागे लपून खुदुखुदु हसली. आत्या घरी येईपर्यंत फुलून गेली होती. "पोरं वळखतात गं मला. मी शाळा सोडली तिसरीत, आणि आता पोरं मला वळखतात."

तिच्याकडे बटणांचा फोन आहे. तयार व्हिडिओ तिने कधी बघितले नाहीत. मी कधी दाखवले नाहीत.

आता मुद्द्यावर येते. येतेय.

काही आठवड्यांनी एकदा माझ्या सुपाऱ्या मांडून होताहोताच आत्या हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "बाय, तुझ्या या हिशोबात वर एक घालायचा न्हाय, व्हय ना?"

"नाही घालायचा."

"मग तसं आधी सांगायचं की."

त्या दिवसापासून ती चुकेना. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर. पाढे तर ती माझ्याबरोबर खवणीवर बसून पाठ करायची. मराठी आकडे म्हणताना मला एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत आजही क्षणभर गोंधळायला होतं, ती मला आतून पुढचा आकडा सांगायची. 'चमचा' विचारला की "स्पून" म्हणायची, आणि तेही इतक्या तोऱ्यात की मला हसू दाबावं लागे.

आणि मी तिची बरोबर उत्तरं कापून टाकली.

एकूण एक. तोवर मला कापणं छान येऊ लागलं होतं. बरोबर उत्तर मुलांच्या आधी ऐकू आलं तर मुलं काय सांगणार, असं मी स्वतःला पटवलं. पण मग नुसतंच कापून थांबायचं होतं. मी थांबले का? मी जुन्या व्हिडिओतलं तिचं "सोळा" उचललं आणि नव्या व्हिडिओत चिकटवलं. ते बसावं म्हणून उदाहरणच तसं घेतलं — नऊ आणि सहा. मुलं खूश. बाई खूश. मीही — माझ्या हातांचं एवढं कौतुक आधी कुणी केलं नव्हतं.

रोज संध्याकाळी आत्या विचारायची, "आज माझं घेतलंस का?"

"हो."

"बरोबर होतं ना?"

"हो."

दोन्ही 'हो' खरे होते. एकत्र ठेवले की खोटे.

मग शाळेत कार्यक्रम ठरला आणि बाईंनी आत्याला पाहुणी म्हणून बोलावलं. आत्याने ठेवणीतली मोरपंखी साडी काढली. सकाळपासून पाढे म्हणत होती, चहा गाळतानासुद्धा. स्कूटरवर मागे बसताना म्हणाली, "आज एकपण चुकायचं न्हाय हां. पोरांसमोर शोभा नको." मी हेल्मेटच्या आत मान हलवली. वाटेत सांगून टाकावं, असं वाटलं का? वाटलं. वळणं बरीच होती, प्रत्येक वळणावर वाटलं.

वर्गात शिरताच मुलांनी बाकं बडवली. आत्या लाजली. बाईंनी हसत विचारलं, "आत्या, तीन टोपल्या, एकेका टोपलीत बारा नारळ. किती झाले?"

आत्याने क्षणही घेतला नाही. "छत्तीस."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग मागच्या बाकावरून कुणीतरी सुरू केलं आणि सगळा वर्ग ठेका धरून म्हणू लागला — "वर एक! वर एक! वर एक!" बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांना वाटत होतं, आत्या मुद्दाम ताणून धरतायत.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी दाराशी उभी होते. तिच्या डोळ्यांत सरळ प्रश्न होता, बरोबर आहे ना गं? नुसती मान हलवायची होती. बोलायचंही नव्हतं.

मी चपलांकडे बघितलं.

"मग... सदतीस?" आत्या म्हणाली.

टाळ्या. शिट्ट्या. "चुकलं! छत्तीस! छत्तीस!" सगळा वर्ग नाचत होता. आत्याही हसली. पिशवीतून नारळाच्या वड्या काढून वाटल्या, प्रत्येकाला एक आणि वर एक, आणि मुलं पुन्हा ओरडली. तुम्ही तिथे असता तर म्हणाला असता, काय आनंदाचा कार्यक्रम झाला. झालाच होता.

परत येताना ती रिकामी पिशवी मांडीवर धरून मागे बसली होती. समुद्राकडून वारा होता. मग माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "बाय, माझं छत्तीस बरोबर होतं. मी तर आता चुकत न्हाय. पोरांना ठाऊक न्हाय का ते?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. हेल्मेट, वारा, दोन्ही हाताशी होते. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मी गाडीचा वेग वाढवला. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. खांद्यावरचा हात मात्र ठेवला, कारण वळण होतं.

बस. एवढंच आहे. ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा.

दुसऱ्या दिवसापासून मी फळीला फोन बांधला की आत्या स्वयंपाकघराचं दार लावून घेते. "तुझ्या कामात माझा आवाज नको," म्हणते. रागाने नाही, अगदी समजून. माझे व्हिडिओ आता स्वच्छ येतात. मुलं विचारतात, आत्या कुठे गेली? मी लिहिते, गावाला गेलीय. ती दाराच्या पलीकडे नारळ खवत असते. मी प्रश्न विचारते आणि थांबते, आणि हल्ली जरा जास्तच थांबते. खवणीचा आवाज तेवढ्यापुरता बंद होतो. मग पुन्हा सुरू होतो.

काल रात्री मी दोन भाकऱ्या मागितल्या. तिने तीन वाढल्या. मी तिन्ही खाल्ल्या.