टॅकेटांच्या उतरणीवरचा हूक

आमच्या गल्लीत व्हेल्मा टॅकेटच्या घराची उतरण सगळ्यांत वाईट. घरापासून रस्त्यापर्यंत तीव्र उतार, तळाशी पाण्याचा चर, आणि चर ओलांडला की रस्त्याचा फुगवटा. साधी मोटार कशीबशी निघायची. पण टॅकेटांकडे कॅम्पर होता, आत दोन बिछाने आणि शेगडी असलेला ट्रेलर. तो पिकअपच्या मागच्या हुकाला अडकवून डॉयल, म्हणजे व्हेल्माचा नवरा, दर उन्हाळ्यात तळ्याकाठी न्यायचा. पुढची चाकं रस्त्यावर चढली की पिकअपचा मागचा भाग खाली बसायचा आणि हूक जमिनीवर खरडायचा. तो आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

एका वर्षी डॉयल वैतागला आणि त्याने चर खडीने भरून टाकला. उतरण सपाट झाली, हूक खरडायचा थांबला. पण वसंतातलं पाणी अडलं आणि शेजारच्या इरा ब्लेव्हिन्सच्या तळघरात शिरलं. इराची बायको नडीन तेव्हा नुकतीच गेली होती. तिच्या हातच्या पीचच्या फोडींच्या बरण्यांची शेवटची रांग चिखलात आडवी झाली. इराने फावड्याने सगळी खडी उपसली आणि डॉयलच्या दारात ढीग घातला. डॉयल म्हणाला, "चर माझ्या जागेत आहे." इरा म्हणाला, "मग पाणीही तुझ्याच जागेत ठेव." त्यानंतर दोघं बोलले नाहीत. चर्चमध्येसुद्धा एक डावीकडे, एक उजवीकडे.

मग डॉयलला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. म्हणजे आवाज होता, पण म्हणायचं एक आणि निघायचं दुसरंच. व्हेल्माची नणंद ओपल म्हणाली, "वहिनी, तो कॅम्पर आता विकून टाक. कोण नेणार?"

"मी नेणार," व्हेल्मा म्हणाली.

"तुला जमेल?"

"डोंगरातल्या बर्फावरून शाळेची बस चालवली मी, ओपल. आणि तू मला हे विचारतेस?"

खरं तर तिला धाकधूक होती. बस चालवणं वेगळं, मागे ट्रेलर ओढणं वेगळं. ते काम कायम डॉयलचं. मला ती म्हणाली, "त्याला तळं दाखवायचंय. यंदा नाही तर कधी?"

मे महिन्यातल्या एका सकाळी तिने डॉयलला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि निघाली. चराशी पुढची चाकं चढली, आणि मग नेहमीचा खरडण्याचा आवाज न येता धप्प आवाज झाला. ट्रेलर सुटा उभा करताना टेकवायला त्याच्या तोंडाशी जो उभा जॅक असतो, त्याचं पाऊल डांबरात रुतलं होतं. मागची चाकं जागच्या जागी भिरभिरू लागली. पिकअप रस्त्यावर आडवी, वाट बंद. मी धावत गेले, पण मला त्यातलं काय कळणार?

इरा आपल्या ओसरीवर उभा होता. बराच वेळ नुसता बघत होता. मग तो आत गेला, आणि मला वाटलं, झालं, दार लावून घेतलं. पण तो मागच्या बाजूने आला. एका खांद्यावर ओकच्या जाड फळ्या, दुसऱ्या हातात जॅक.

"इंजिन बंद कर," तो म्हणाला. "चाकं फिरवून फिरवून खड्डा करशील."

व्हेल्माने बंद केलं. इरा खाली वाकला. "हे पाऊल आधी काढायला हवं होतं. आणि हुकाची दांडी खाली वाकलेली आहे, ती उलटी बसव, हूक चांगला वीतभर वर येईल. डॉयलला कितीदा सांगणार होतो मी."

"मग सांगायचं होतंस," व्हेल्मा म्हणाली.

इराने ट्रेलरचं तोंड जॅकने उचललं, रुतलेलं पाऊल काढलं, दांडी उलटवली आणि पिकअपच्या मागच्या चाकांपुढे फळ्या सरकवल्या. मग हात पुसत तो डॉयलच्या खिडकीशी आला. डॉयलच्या ओठांची बरीच झटापट झाली.

"मंगळवार," तो म्हणाला. "मंगळवार, इरा."

इराने व्हेल्माकडे बघितलं. "काय म्हणतोय?"

"हल्ली सगळंच मंगळवार असतं. जेवणही, मीही," ती म्हणाली. "पण तुझं नाव बरोबर आलं बघ."

डॉयलचे डोळे भरले होते. इराने खिडकीतून हात घालून त्याचा चांगला हात धरला. "बरं," तो म्हणाला, "मंगळवार तर मंगळवार."

मग तो मागे जाऊन ओरडला, "हळू! मध्ये थांबू नकोस!"

"शिकवू नकोस रे मला!" व्हेल्माही ओरडली, आणि फळ्यांवरून पिकअप चढली. दांडीने जमिनीला जरासा स्पर्श केला असेल नसेल, ट्रेलर रस्त्यावर आला.

ते तळ्यावरून परतले तोवर इराने चरात पाणी जाईल असा रुंद पाइप टाकून वर खडी पसरली होती, कोणाला न विचारता. ओपल म्हणाली, "जागा आपली, आणि त्याने न विचारता?" व्हेल्माने तिला गप्प केलं.

डॉयल त्या हिवाळ्यात गेला. व्हेल्मा दरवर्षी मे महिन्यात एकटी जाते. मी तिला एकदा विचारलं, एकटीला करमतं का तिकडे. ती म्हणाली, "पहिले दोन दिवस नाही करमत. तिसऱ्या दिवशी मी लाकडं गोळा करते, मासे भाजते. मग बरं वाटतं. ट्रेलर मागे घेणं मात्र अजून येत नाही गं. लोक खुर्च्या टाकून बघत बसतात."