पाच मिनिटांची मुदत

आमचे गुरुजी प्रत्येक वाक्य दोनदा बोलत. एकदा ऐकण्यासाठी, एकदा लिहिण्यासाठी. आष्टीच्या शाळेत दुपारी ते चौथीच्या वर्गाला श्रुतलेखन घालत, तेव्हा हात पाठीमागे बांधून, खिडकीबाहेर कुठेतरी बघत, बाकांच्या ओळींमधून संथ चालत राहत. वाक्य संपलं की "पूर्णविराम" म्हणत आणि शेवटच्या पोरीची पेन्सिल थांबेपर्यंत थांबत. ती शेवटची पोरगी बहुतेक वेळा मीच असे. त्या थांबण्यात बाहेरचं पांढरं ऊन, दूरच्या इंजिनाची टकटक, खडूचा वास असं सगळं हळूहळू मिसळत जाई आणि आपण वर्गात नसून पाण्याखाली कुठेतरी बसलो आहोत, असं मला वाटे. अजूनही पुस्तक वाचताना मनात जो आवाज उमटतो, तो त्यांचाच असतो.

ही सवय शाळेपुरती राहिली नव्हती. टपरीवर ते "एक चहा, साखर कमी" असं दोनदा सांगत आणि टपरीवाला गमतीनं दोन कप पुढे ठेवी. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या होत्या तोवर म्हणत, "मला एकदाच सांगा. मी काय चौथीत न्हाई."

मी पुढे जालन्याला एका कॉलेजात ग्रंथपाल झाले. रविवारी आष्टीला घरी आले की गुरुजींकडे डोकावत असे. काकू गेल्यावर ते एकटेच राहत. हाताला कंप सुटला होता, लिहिणं थांबलं होतं. मागच्या वर्षी घशाचं दुखणं निघालं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. त्या रविवारी गुरुजी म्हणाले, "पोरी, एक पत्र लिहायचं राह्यलंय. आवाज हाय तवर लिहून टाकू."

पत्र त्यांच्या बहिणीला होतं. आक्का त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. लहानपणी दोघांचंही नाव शाळेत घातलं होतं, पण घरी शेळ्या होत्या आणि त्यांच्यामागे कुणीतरी जायला हवं होतं. आक्का गेली. गुरुजी शिकले, मास्तर झाले. आक्का लग्न होऊन जांब समर्थला गेली, ती अजून तिथेच मुला-सुनेजवळ आहे.

"तिला जाऊन सांगा ना," मी म्हटलं.

"समोर बसलं की आम्ही मोसंबीचंच बोलतो. औंदा फळ कसंय, पाणी किती पुरंल. साठ वर्षं झाली, त्याच्या पुढं गाडी जात न्हाई." मग म्हणाले, "तिला जल्मात कुणी पत्र पाठवलं न्हाई. एक पाठवू. नात वाचून दाखवील."

मी लिहून घेते म्हटलं, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग मी त्यांच्या फोनमध्ये बोललेलं लिहून घेणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. गुरुजींनी फोन स्टीलच्या तांब्याला टेकवून उभा केला, हात पाठीमागे बांधले आणि खोलीत येरझारा घालत सुरुवात केली. थोड्या वेळानं आम्ही पाहिलं, तर प्रत्येक वाक्य दोनदा उमटलेलं आणि दोन्ही वेळा शेवटी अक्षरांत 'पूर्णविराम'.

गुरुजींनी चष्मा वर सरकवला. "दोनदा सांगितलं तर दोनदा लिहितं. ह्याला शाळेत घातलंच न्हाई का कुणी?"

दुसरी अडचण मुदतीची होती. ते अ‍ॅप एका वेळी पाचच मिनिटं ऐके. मग मुकाट्यानं बंद होई आणि पुन्हा बटण दाबावं लागे. "माझा तास पस्तीस मिनिटांचा असायचा," गुरुजी म्हणाले, "हे पोरगं पाच मिनिटांत कंटाळतंय." रविवारी मी शेजारी बसे. पाच मिनिटं होत आली की हात वर करी. ते अर्ध्या वाक्यात थांबत, मी बटण दाबी, ते पुढे चालू लागत. अशा तीन रविवारांत शेळ्यांची नावं आली, आक्कानं त्यांच्या पाटीला घासून दिलेला कोळसा आला, ओढा आला. पण जे सांगायचं होतं, त्याच्या अलीकडेच ते दर वेळी वळत. माझ्यासमोर ते त्यांना बोलवणार नाही, हे मला उशिरा कळलं.

ऑपरेशनला तीन दिवस उरले होते. मी रजा काढून गेले, तर गुरुजी खाटेवर पडले होते. चेहरा अगदी मोकळा. आवाज मात्र कुजबुजीइतका उरला होता. "सकाळी एकट्यानं बसून संपवलं. सगळं सांगितलं. पाऊण तास बोललो."

मी फोन उघडला. त्यात सकाळची पाचच मिनिटं होती. ओढ्यापर्यंत.

मी पडदा बोटानं खाली-वर करून पाहिला, पुढे काही नव्हतं. डोळ्यांपुढे ती सकाळ आली: पाठमोरे गुरुजी, त्यांच्या येरझारा, तांब्याला टेकलेला, बंद पडलेला फोन आणि त्याच्यासमोर साठ वर्षांचं साठलेलं, दोन-दोनदा, सावकाश बोललेलं. खोटं सांगावं असं वाटलं. मग सांगून टाकलं.

गुरुजी हसले. हसताना त्यांना दुखलं. "म्हंजे वर्ग सुटला अन् मी शिकवतच बसलो."

पुन्हा सांगण्याइतका आवाज उरला नव्हता. पाणी पिऊन ते उठले, टोपी घातली आणि हळूच म्हणाले, "जीप बघ एखादी. जांबाला जाऊ."

वाटेत मोसंबीच्या बागा मागे जात होत्या आणि ते ओठ किंचित हलवत होते. आक्का दारातच उभ्या होत्या. दोघं आतल्या खोलीत गेली. मी सुनेबरोबर ओट्यावर बसले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले, तेव्हा आक्कांचा हात त्यांच्या पाठीवर होता. काय झालं, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशननंतर गुरुजी अडीच महिने होते. आवाज नाही, हातात अक्षर नाही. माघात गेले.

दहाव्यानंतर मी ते पत्र छापून आक्कांकडे नेलं. दोनदा आलेली वाक्यं एकेकदा केली होती. मी वाचलं. आक्का सुपात तूर निवडत ऐकत होत्या. ओढ्यापाशी मी थांबले.

"एवढंच?"

"पुढचं त्यात राहिलं नाही, आक्का."

"असू दे. त्या दिशी सांगून गेल्ता की." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "आदी पाणी प्याला. मंग म्हणला, आक्का, शाळेत मी तुझ्या जागेवर बसलो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणले, बराबर बसलास."