जवाईबापूंनी निवळवलेलं पाणी

जावयाला बोलायचं नसतं, असं आमच्याकडे मानतात. त्याच्या पायावर पाणी घालायचं, पाट मांडायचा आणि त्याने घरात काही उद्ध्वस्त केलं तरी 'राहू द्या, राहू द्या' म्हणायचं. मी हे सगळं केलेलं आहे. म्हणून निदान लिहिताना तरी त्या माणसाला सोडणार नाही.

नागपूरकडच्या शहापूरला हायवेपासून जरा आत आमचं घर. समोरच्या खोलीत माझी काचेची टाकी, तिच्यात एंजल मासे. दुकानात सर्रास मिळतात ते हौदात जन्मलेले असतात, कुठल्याही पाण्यात तग धरतात. माझे परदेशातल्या नदीतून जाळ्याने पकडलेले, नागपूरच्या एका दुकानदाराच्या मागे लागून मिळवलेले. उंच, पातळ, लांब पंखांचे आणि महा नाजूक. त्यांच्या नदीचं पाणी पालापाचोळ्याने चहासारखं तांबूस असतं आणि त्यात क्षार जवळजवळ नसतोच. आमच्या बोअरचं पाणी बादलीला पांढरी खरपुडी आणतं. म्हणून मी छतावरचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवायचो, गाळायचो, त्यात देशी बदामाची वाळलेली पानं टाकायचो. घरचे म्हणायचे, यानं पाण्याचा काढा केला. म्हणोत बापडे.

आल्यावर कितीतरी दिवस ते काही खाईनात. मग हळूहळू खायला लागले, माझी सावली ओळखायला लागले. आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर एका जोडीने कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या दगडी पाटीच्या तुकड्याजवळून बाकीच्यांना हाकलायला सुरुवात केली. नर आणि मादी आळीपाळीने तोंडाने ती पाटी घासत. अंडी घालण्याआधी ते जागा अशी साफ करतात. नदीतून आणलेल्या माशांनी घरच्या टाकीत अंडी घालणं सहसा होत नाही, माझ्याकडे होणार होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. दिवाळीची रंगरंगोटीही मी त्या खोलीत होऊ दिली नाही. बाकी घराला चुना मारला, उरलेला घमेल्यात अंगणात पडून होता.

भाऊबीजेला धाकटी बहीण आली. सोबत जवाईबापू. ते आंबागडकडचे. धानाची शेती, शिवाय शेतातल्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, रोहू-कतला वाढवतात. माशांचं बी सोडण्याआधी बोडीत चुना टाकायचा, पाणी साफ होतं, ही त्यांची सगळी विद्या. आल्या आल्या त्यांनी टाकीपुढे खुर्ची ओढली आणि तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सरकवला.

"काय भाऊ, मासे नालीत ठेवले का?"

"त्याईले असंच पाणी लागते, जवाईबापू."

"मले नका शिकवू. जिंदगी गेली मासे पाळण्यात."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावी मंडई होती. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव भरते ती जत्रा. आम्ही सगळे गेलो. डोकं दुखतं म्हणून जवाईबापू घरी थांबले, आणि त्यांचं तोंड दिवसभर दिसणार नाही म्हणून मी खूश होतो.

परत आलो तर बदामाची पानं उपसून अंगणात फेकलेली. टाकीतलं पाणी दुधाळ, तळाशी पांढरा थर. मासे आडवे पडून कल्ले उघडमीट करत होते. नर पाटीपाशीच उलटा झाला होता.

"दोन मुठी चुना टाकला," जवाईबापू कौतुकाने म्हणाले. "थोडा दम धरा. कसं निवळते पाहा!"

मी हाताला लागतील तसे मासे पावसाच्या पाण्यात काढले. त्या जोडीतली मादी तेवढी वाचली. बोडीतसुद्धा चुना टाकल्यावर थांबतात आणि मग मासे सोडतात, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण माझे मासे त्याच्या लेखी मासेच नव्हते.

मी त्यांच्याकडे वळलो तशी आईने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "तोंड नको उघडू. जवाई आहे. पोरीले तिथंच नांदाचं आहे."

नाही उघडलं. रात्री मीच त्यांना आग्रह करून वाढत होतो. जेवता जेवता ते म्हणाले, "कायले तोंड पाडून बसले भाऊ? पुढच्या बारीनं बोडीतले रोहू आणतो. खाता तरी येते." राग गिळला असं लोक सहज म्हणतात. मला तो वर्षभर गिळता आला नाही.

त्या वर्षात मादीने एकदा अंडी घातली. नर नव्हता. सगळी पांढरी पडून वाया गेली. थोड्या दिवसांनी ती पुन्हा पाटी घासायला लागली.

यंदाच्या भाऊबीजेआधी मी टाकीला प्लायवूडचं झाकण बसवलं, त्याला कडी लावली, कडीला कुलूप घातलं आणि वरून चादर टाकली. जवाईबापू आले, चहाचा कप हातात घेऊन चादर उचलून बघू लागले.

"काहून भाऊ, टाकीले कुलूप? चोर येऊन राहिले का?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही येऊन राहिले."

आईने दारातून डोळे वटारले. जवाईबापू कोणीतरी आपली बाजू घेईल म्हणून इकडेतिकडे पाहत राहिले. तेवढ्यात बहीण हसली. ओवाळणीचं ताट हातात धरून, नवऱ्याच्या तोंडावर, मोठ्याने हसली. लग्नानंतर तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. ते कप ठेवून थुंकायला म्हणून अंगणात गेले आणि तिकडेच थांबले.

बहिणीने ताट खाली ठेवलं. "दाखव ना भाऊ."

मी चादर बाजूला केली, कुलूप काढलं. मादी पाटी घासत होती.

"एकटीच घासून राहिली ना रे," बहीण म्हणाली आणि काचेजवळून हलेना.

बाहेर जवाईबापू खाकरले. तिने माझ्याआधी टाकीवर चादर ओढली.