थोरल्या साडूंची गोळी

जगात गुपित नावाची काही वस्तू असते, ही बातमी माझ्या थोरल्या साडूंपर्यंत, म्हणजे अण्णांपर्यंत, जन्मात कधी पोहोचली नाही. पोहोचली असती तर तीही त्यांनी लगेच मोंढ्यात जाहीर करून टाकली असती. लातूरच्या मोंढ्यात त्यांची धान्याची अडत होती आणि सौदा पुकारायचं काम ते दुसऱ्या कुणावर सोपवत नसत. धोतराचा सोगा कमरेला खोचून, कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांना आठ्या पाडत त्यांनी तुरीच्या ढिगापाशी पहिला भाव पुकारला की पलीकडच्या गल्लीतल्या दाळमिलमधली माणसं हातातलं काम थांबवायची म्हणे. मिलमध्ये उभं राहून मी काही त्याची खात्री केलेली नाही. पण मी तेव्हा नांदेडला शाळेत मास्तर होतो, आणि आमच्या घराखालच्या औषधाच्या दुकानात त्यांचा फोन आला की दुकानदार रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून मला हाक मारायचा. मी जिना उतरेपर्यंत निम्मा निरोप ऐकून झालेला असायचा. अण्णांना कुजबुजताही यायचं, म्हणजे तसं त्यांना वाटायचं. एकदा दिवाळीच्या आधी त्यांनी मला ओसरीच्या कोपऱ्यात ओढून नेलं आणि कानाशी तोंड आणून सांगितलं, "कुनाला बोलू नका पावणं, तुमच्या अक्कासाठी लुगडं आणलंय, चकित करनार हाय!" त्यावर आतून, भाकरी थापता थापता त्यांच्या बायकोचा, अक्कांचा, आवाज आला, "जांभळं असंल तर बदलून आणा म्हनावं."

उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं आणि जिल्हा झालं, तेव्हा तर हा जिल्हा आपल्याच घरी जन्माला आल्यासारखे अण्णा वागत होते. दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' त्यांनी स्वतः शिडीवर चढून खरवडलं. नवी कलेक्टर कचेरी सुरू झाली तेव्हा पेढ्यांचं ताट घेऊन ते प्रत्येक टेबलाशी गेले. त्यातले बरेचसे कारकून उस्मानाबादेहून बदली होऊन आलेले, बायकापोरं तिकडेच ठेवून आलेले, चेहरे उतरलेले. अण्णा त्यांच्या हातावर पेढा ठेवून म्हणायचे, "रडू नका साहेब, लातूरची सवय झाली की परत जावंसंच वाटायचं न्हाई." त्यातल्या दोघांना ते त्याच दिवशी जेवायलाही घेऊन आले. अक्कांनी आमटीत पाणी वाढवलं. त्यांना सवय होती.

त्यानंतर पाऊस रुसला. एक साल गेलं, दुसरंही तसंच गेलं. मोंढ्यातले ढीग आधी बसके झाले, मग दिसेनासे झाले. नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसायचं. असल्या दिवसांत एकदा खालच्या दुकानात अक्कांचा फोन आला. मी नेहमीसारखा जिन्यावरूनच ऐकायला लागलो, पण काहीच ऐकू येईना. रिसीव्हर कानाला लावला तेव्हा अक्का म्हणत होत्या, "ह्यांनी बोलनं सोडलंय हो. तुम्ही या."

मी गेलो. अण्णा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. घरात जो येई तो एकेक कारण ठेवून जाई. कुणी म्हणे दुष्काळाचा धसका, कुणी म्हणे पित्त, कुणी म्हणे नजर. पण दुष्काळ तर सगळ्यांनाच होता, आणि अण्णांचं काही फार वाईट चाललेलं नव्हतं. आठवड्यापूर्वी ते मोंढ्यात गेले होते. थोडी तूर आली होती. ढिगापाशी उभे राहिले, तोंड उघडलं, आणि शब्द फुटेना. सगळा मोंढा वाट बघत थांबला. अण्णांनी तोंड मिटलं आणि ते घरी चालत आले, ते त्या बाजेवर आडवे झाले. मी बराच वेळ उशाशी बसलो तेव्हा भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "सकाळ झाली की भ्याव वाटतंय, पावणं. मी नसलो तरी सौदा निघतोयच की." त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांना नांदेडच्या एसटीत बसवलं. शेजारपाजाऱ्यांना सांगायला अक्कांनी एक सबब तयार केली : डोळे दाखवायला चाललेत.

नांदेडला मनाच्या आजारांचे एक तरुण डॉक्टर नुकतेच बसायला लागले होते. त्यांनी अण्णांना बरंच काही विचारलं. उत्तरं बहुतेक मीच दिली. मग त्यांनी एक लहानशी गोळी लिहून दिली आणि समजावून सांगितलं की ही गोळी उधारीच्या गिऱ्हाइकासारखी आहे, गुण द्यायला दोन-तीन आठवडे लावील. त्रास मात्र रोखीनं, पहिल्या दिवसापासून. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, पेंग येईल, एकदम उठलात तर गरगरेल. कंटाळून मधेच बंद मात्र करू नका.

डॉक्टरांनी सांगितलेला एकही त्रास गोळीनं बाकी ठेवला नाही. अण्णा आमच्याकडेच राहिले होते. हातात भाकरीचा तुकडा धरून ते ताटावर झोपी जात, आणि माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी मेहुणी, ताट हळूच मागे ओढून घेई. जीभ टाळ्याला चिकटायची. 'पाणी' म्हणायला जावं तर तोंडातून नुसता टक्क असा आवाज यायचा. पुढे पुढे त्या टक्कवरच आम्ही तांब्या नेऊन द्यायला लागलो. पोटाच्या तक्रारीवर तर सबंध गल्ली कामाला लागली. समोरच्या बाईंनी एरंडेल दिलं, औषधवाल्यानं इसबगोल, शाळेतल्या शिपायानं पपई. अण्णा मुकाट्यानं सगळं घेत. सकाळी तांब्या घेऊन गेलेले अण्णा परत येताना दिसले की गल्लीतले लोक त्यांच्या चेहऱ्याकडे आशेनं बघत. अण्णा मान हलवत. गल्ली उसासा टाके.

हे असं चाललेलं असताना एका सकाळी जेवताना अण्णांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि म्हणाले, "वरणात मीठ न्हाई."

माझ्या बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. गेले कित्येक दिवस हा माणूस समोर येईल ते गिळत होता. मातीची ढेकळं वाढली असती तरी त्यानं खाल्ली असती. ती डोळ्याला पदर लावत म्हणाली, "न्हाईच हाय, दाजी. विसरलेच मी." अण्णा गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "मिठासाठी रडाय काय झालं हिला?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

मग अण्णा भराभर सुधारले आणि सुधारल्याबरोबर बोलायला लागले. लातूरला परत जाताना मीही सोबत होतो. लोहा येईपर्यंत शेजारच्या प्रवाशाला गोळीची सगळी हकिकत कळली होती आणि अहमदपूर येईपर्यंत कंडक्टरसकट साऱ्या गाडीला. मोंढ्यात पाय ठेवताच एका व्यापाऱ्यानं काळजीनं विचारलं, "अण्णा, डोळ्याला काय निघालं?" अण्णा म्हणाले, "डोळे खडखडीत हायत. मन बिघडलं होतं. गोळी खाऊन राहिलोय. तोंडाला कोरड, नळाला बी कोरड, मज्जाच मज्जा!" अक्कांची सबब तिथेच संपली.

त्या कोरडेपणानंच पुढे एकदा घात केला. सौदा ऐन रंगात आलेला असताना अण्णांची जीभ टाळ्याला चिकटली. भाव अर्ध्यात अडकला आणि व्यापारी हसले. ते हसणं वाईट नव्हतं, पण अण्णांना लागलं. त्यांनी कुणाला न सांगता गोळी बंद केली. आयुष्यात त्यांनी ठेवलेलं हे एकच गुपित, आणि तेही त्यांना झेपलं नाही. बघता बघता ते पुन्हा बाजेवर, भिंतीकडे तोंड. आधी गप्प होतात आणि मग आडवे, हे अक्कांनी तेव्हा मनाशी पक्कं धरलं. गोळी परत सुरू झाली. ह्या वेळी अक्का समोर उभं राहून ती गिळायला लावत. डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली आणि जिभेखाली खडीसाखर ठेवायला सांगितली. हमालांनी आपणहून पाण्याचा तांब्या ढिगाशेजारी भरून ठेवायला सुरुवात केली. टँकरच्या पाण्याचे दिवस होते ते. तरी त्या तांब्यातलं पाणी दुसरं कुणी प्यायचं नाही.

ह्या सगळ्यात अण्णांच्या मुलीसाठी उदगीरहून स्थळ आलं. चांगलं, व्यापारी घर. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी अण्णांच्या थोरल्या भावानं आम्हा सगळ्यांना बसवून बजावलं, "पोरीच्या जन्माचा सवाल हाय. गोळीचं नाव कुनी काढायचं न्हाई." मग अण्णांकडे वळून म्हणाला, "तू तर तोंडच उघडू नको." मुलीवर अण्णांचा फार जीव होता. त्यांनी मान डोलावली.

आणि ते खरंच बोलले नाहीत. पाहुणे आले, पाणी झालं, पोहे झाले. अण्णा सतरंजीवर हात जोडून बसलेले. मुलाच्या वडिलांनी पाऊसपाण्याचं विचारलं, अण्णा हसले. मोंढ्याचं विचारलं, पुन्हा हसले. आम्ही बाकीचे त्यांच्या वाटचं बोलून बोलून घामाघूम झालो. आतल्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन अक्का उभ्या होत्या. नवऱ्याची ती गुपचिळी बघून त्यांचा रंग उतरत चालला होता. भावानं दिलेली ताकीद, समोरचे पाहुणे, पोरीचं लग्न, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. ट्रे तिथेच जमिनीवर ठेवून त्या भर बैठकीत ओरडल्या, "आवं, गोळी घेतली का न्हाई आज?"

थोरल्या भावानं कपाळाला हात लावला. अण्णांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा अक्कांकडे, आणि धरण फुटावं तसे बोलायला लागले. बाज, भिंत, डॉक्टर, कोरडं तोंड, एरंडेल, पपई, मधे बंद केलेली गोळी, परत सुरू केलेली गोळी. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. शेवटी म्हणाले, "असं हाय बघा. आता चालू हाय अन् मी बरा हाय. लपवा म्हनले म्हनून गप बसलो, तर घरचीच घाबरून गेली."

तेवढ्यात साडी सावरत मुलगीच बाहेर आली. जमिनीवरचा ट्रे उचलून तिनं मुलाच्या आईपुढे धरला आणि शांतपणे म्हणाली, "आमच्या अण्णांना बरं नव्हतं. आता बरं हाय. चालनार नसंल तर तसं सांगा, राग न्हाई. चहा मात्र घ्या."

मुलाच्या आईनं कप उचलला. फुंकर मारून एक घोट घेतला. "न चालाय काय झालं?" त्या म्हणाल्या. "गोळी खाऊन मानूस एवढं बोलतंय तर बरंच हाय की. आमच्या घरात गोळी न खाता बी कुनी बोलत न्हाई. म्या येकटीच भिंतीशी बोलून राहिले इतकी वर्सं." त्यांचे यजमान, उदगीरचे मोठे व्यापारी, हळूच अण्णांच्या बाजूला सरकले आणि त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "ते एरंडेल चांगलं, का इसबगोल?" अण्णांनी त्याचं उत्तर दिलं. ते साऱ्या गल्लीनं ऐकलं असणार. मुलगा मात्र तेवढा वेळ मुलीकडे बघत होता. लग्न त्याच बैठकीत ठरलं.

पुढे डॉक्टरांनी सावकाश सावकाश गोळी कमी करत बंद केली. दुखण्यानं नंतरच्या वर्षांत दोनदा परत हजेरी लावली. दोन्ही वेळी अण्णा कुणी न सांगता पिशवी भरून नांदेडच्या गाडीत बसले आणि आमच्या दारात येऊन म्हणाले, "आलंय परत. चला, दाखवून येऊ." जुनी दुखणारी दाढ दाखवायला निघावं, तितक्या सहज.

आता अण्णा नाहीत. मला राहून राहून आठवतो तो मात्र मोंढ्यातला नाही, त्याच्या खूप नंतरचा एक दिवस. माझी बायको गेल्यानंतरच्या दिवसांत माझं कशातच मन लागेना. जेवण नको, माणसं नकोत. मुलानं फोन करून अण्णांना कळवलं असावं. पंच्याहत्तरीच्या पुढचे अण्णा, गुडघे धरलेले, एकटे एसटीनं नांदेडला आले. मला डॉक्टरांकडे नेलं, आणि येताना गोदावरीच्या घाटावर घेऊन गेले. आम्ही पायरीवर बसलो. नदीत त्या वर्षी पाणी चांगलं होतं.

"तिची आठवन येती?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

"येऊ द्या," ते म्हणाले. "मी हाय बसलेला."

ऊन पलीकडच्या काठावर सरकलं. एक नाववाला जवळ आला, पैलतीरी सोडू का म्हणून विचारू लागला. अण्णांनी नुसत्या हातानंच त्याला नको म्हटलं, आणि तोच हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.