शम्सीमावशीचा गुरुवार

हे मी लिहिणारच नव्हते. शम्सीमावशी म्हणाली, "पाणी तापवणाऱ्या बाईवर काय लिहितेस गं? जा, आईला कणीक मळू लाग." पण राहवेना, म्हणून सुचेल तसं लिहून टाकते.

आमच्या दारोका गावाचं न्हाणीघर मावशी सांभाळते. ती मुसलमान, आम्ही ख्रिस्ती, पण गावातली प्रत्येक नवरी तिच्याच हातून न्हाते. माझी आईसुद्धा न्हाली होती. सोमवार-बुधवार बायकांचे, मंगळवार-गुरुवार-शनिवार पुरुषांचे. हा नियम मोडला की मावशीची किल्ली गेलीच.

यंदा तिच्याच लेकीचं, नुझाचं लग्न होतं. नवरीचं न्हाणं ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बरोबर बुधवारी. सगळं मस्त जमलेलं, आणि सोमवारी संध्याकाळी ढग! चंद्र दिसलाच नाही. ईद गेली बुधवारवर आणि न्हाणं पडलं गुरुवारी. पुरुषांच्या दिवशी!

"मग बुधवारीच उरक ना," माझी आई तोदा म्हणाली.

"नवऱ्याकडच्या बायका ईद करूनच निघणार, गुरुवारी सकाळी पोचणार. त्यांच्याशिवाय न्हाणं होतं का कुठे?" मावशीचे डोळे भरले. "गावाच्या पोरी न्हाऊ घातल्या गं तोदा, आणि माझीच पोर घरात तांब्याने न्हाणार!"

मला इतका राग आला ना, चंद्राचाच!

त्यात गुरुवारी सकाळी आमचे शिपाई ग्रानादाच्या मुसलमान राज्याच्या सरहद्दीवरून परतले. धुळीने माखलेले, घोड्यांपेक्षा जास्त वास मारणारे. सगळे थेट न्हाणीघराच्या दाराशी. पुढे आमचा लोपेकाका, खांद्याला पट्टी. दारात नुझा, थेट इथेच उतरलेल्या पाहुण्या बायकांना घरी न्यायला आलेली. मी मध्ये घुसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

काका तापला. "उन्हाळाभर तुमच्या लोकांशी लढलो, आणि आता घरी येऊनही तुम्हीच वाट अडवणार?"

पाहुण्या बायका दोन पावलं मागे सरकल्या.

मावशी पुढे झाली. "माझे लोक मागे चुलीला लाकडं फोडतायत रे, तुझ्याचसाठी. मी अडवत नाही. दिवस तुमचा आहे, जा आत. पण आधी पाय झटक. जन्मलास तेव्हाही मीच तुला धुतलं होतं, तेव्हासुद्धा इतका घाण नव्हतास!"

मागचे शिपाई फिदीफिदी हसायला लागले. काकाने नुझाकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. मग तो न्यायाधीशांच्या कारकुनाकडे वळला, जो आंघोळीलाच आला होता.

"काय हो, पुरुषांच्या दिवशी एकही पुरुष आला नाही, तर बाईने दार उघडल्याचा गुन्हा कुणाच्या तक्रारीवर?"

"तक्रार तर पुरुषानेच करायला हवी," कारकून डोकं खाजवत म्हणाला.

"मग चला रे, नदीवर!"

हिलोका नदीचं पाणी उन्हाळा सरला की हाडं गोठवतं. त्यांच्या किंकाळ्या न्हाणीघरात ऐकू येत होत्या! आत नुझाच्या केसांवर वाफाळतं पाणी पडत होतं, आई आणि व्याह्यांकडच्या बायका एकत्र गात होत्या, शब्द वेगवेगळे, आणि मावशी हसतच रडत होती. तक्रार कुणीच केली नाही. काकाला मात्र आठवडाभर सर्दी.

नुझा आता सासरी, दोन डोंगरांपलीकडे. मावशी न्हाणीघराची चूल विझली तरी तिथेच बसून राहते, रिकाम्या घरी जायला नको म्हणते. बायांनो, येत्या सोमवारी जरा लवकर जा, आणि आंघोळ झाली तरी लगेच उठू नका. तिच्याशी बोलत बसा. खरंच जा हं.