बोर्ड पास, तरी संशय

एका टेबलाशी रोज आठ तास बसलं की किस्से आपोआप साठतात. शिवणाच्या डब्यात बटणं साठतात तसे, कुठून आली विचारू नका.

बेंगळुरूत के. आर. पुरमच्या आमच्या वर्कशॉपमध्ये लिफ्टच्या बोलक्या पेट्या तयार होतात. पेटीतला मेन बोर्ड हुशार, पण मुका. त्याच्या पिनांवर आवाजाचा छोटा बोर्ड बसवायचा, स्पीकर जोडायचा, 'टूं' वाजवून ऐकायचं आणि पास की फेल ते लिहायचं. हे माझं काम. सातवी शिकलेय, पण संशय घ्यायला शाळा लागत नाही. तेव्हा तर डोक्यात एकच संशय होता. माझी दीड वर्षांची चिंगी हाक मारली तरी वळायची नाही. सगळे म्हणायचे, "काही मुलं उशिराच लक्ष देतात." मला पटत नव्हतं.

*

निखिल आमचा इंजिनीअर, पुण्याहून आलेला. पहिल्याच दिवशी त्याने बोर्ड बसवला, तर आवाज नाही. कम्प्युटरवर आवाज वाढवत वाढवत शंभरावर नेला, तरी नाही.

"ताई, स्पीकर खराब दिलात."

"तीनदा तपासलाय," मी म्हटलं.

तेवढ्यात मालकअण्णा कानावर हात ठेवून बाहेर आले. आवाज कुठून काढायचा, ते निवडायचंच राहिलं होतं. मेन बोर्डाची वायर अण्णांच्या खोलीतल्या टीव्हीला होती, आणि टीव्ही दहा मिनिटं गिऱ्हाइकासमोर "दरवाजा बंद हो रहा है" ओरडत होता. गिऱ्हाईक दोनदा उठून दार बघून आलं म्हणे.

*

शेजारच्या खुर्चीत शांतक्का. चार पिढ्या बेंगळुरूच्या. बोर्डावर माइकही असतो हे कळल्यापासून ती सावध.

"तो ऐकतो गं, सुमा. स्वल्प जपून."

सुनेचा विषय निघाला की ती समोरच्या बोर्डाच्या माइकवर चिकटपट्टी लावायची. एकदा एका दिवसात आठ बोर्डांचे माइक फेल. निखिल संध्याकाळपर्यंत प्रोग्राम तपासत बसला, मग पट्ट्या सापडल्या.

"अक्का, निदान काढायच्या तरी."

"विषय संपला की काढणार होते."

*

निखिलचं म्हणणं, स्क्रीनवर आवाजाची रेघ हलली की बोर्ड पास. मी म्हणायची, रेघ हलली म्हणजे आवाज निघाला, हे कुणी सांगितलं? एकदा रेघ मस्त नाचत होती. त्याने 'पास' लिहिलंसुद्धा. स्पीकर अजून माझ्या हातात होता, जोडलेलाच नव्हता.

*

एका शनिवारी सासूबाई देवनहळ्ळीला गेल्या, म्हणून चिंगीला कामावर आणलं. टेबलावर बसवलं, तर तिने पंजा सरळ स्पीकरवरच ठेवला. निखिलने 'टूं' वाजवला. ती खुदकन हसली. बंद केला, हिरमुसली. पुन्हा वाजवला, पुन्हा हसली.

शांतक्काने पदराने डोळे पुसले. "उगाच जिवाला घोर लावून घेतलास. ऐकू येतंय की पोरीला."

"पास, ताई," निखिल म्हणाला आणि बटणाकडे वळला.

"बंद करू नकोस," मी म्हटलं. "वाजू दे."

मी चिंगीचा हात थरथरत्या स्पीकरवरून हळूच उचलला.

'टूं' चालूच होता. चिंगी हसायची थांबली.